चौथ्या घासाची उचकी

मनवा शिवलकरला वायरलेसवर सांगायचं होतं, ‘दक्षिणेला जायचं नाही.’ त्यातलं ‘दक्षिणेला जायचं’ एवढं खणखणीत गेलं. ‘नाही’च्या जागी उचकी गेली.

समोरच्या पडद्यावरचा होडीचा हिरवा ठिपका क्षणभर थबकला आणि आज्ञाधारकपणे दक्षिणेला निघाला. तिथे गाळ उपसणाऱ्या यंत्राची जाड नळी पाण्याखाली पसरलेली होती. मनवाने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा उचकी आली. तिसऱ्या वेळी शब्द गेले, पण तोवर जाळं नळीत अडकून उभं फाटलं होतं. होडीवरची माणसं मात्र धडधाकट होती. सुकाणू धरणारा तांडेल हुसैन मुकादम वायरलेसवर एवढंच म्हणाला, “बाय, ‘जायचं’ म्हणालीस म्हणून गेलो ना गो. का आता तुझ्या उचकीला विचारून जायचं?”

शिरवाडीच्या बंदरात आता निम्म्या होड्यांवर माणूस नसे. मालवाहू होड्यांना नियंत्रण कक्षातून आकड्यांतल्या सूचना जात आणि त्या मुकाट्याने ऐकत. मासेमारीच्या होड्यांवर मात्र अजून माणसं होती, आणि वाऱ्यापावसात, इंजिनाच्या धडधडीत त्यांना ओळखीचा आवाजच लागे. गेली आठ वर्षं तो आवाज मनवाचा होता.

सुर्वेसाहेब बंदराचे अधिकारी. आवाज न चढवता माणसाचा जीव खाण्यात त्यांचा हातखंडा होता.

“कधीपासून चाललंय हे?”

“ऑपरेशननंतर सुरू झालं. डॉक्टर म्हणतात, थांबेल.”

“थांबेल तेव्हा बघू. तोवर यंत्र बोलेल. पंधरवड्याने वैद्यकीय चाचणी लावतो. पाच मिनिटं सूचना वाचायच्या, एकही उचकी न येऊ देता. जमलं तर तुझी खुर्ची तुला. नाही जमलं तर पूर्ण हंगाम तेच बोलेल.” मग त्यांना दया आली असावी. “घाबरू नकोस, आवाज तुझाच असेल. आठ वर्षांचं रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे.”

हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं होतं, हेच मनवाला जास्त लागलं.

संध्याकाळी ती मागच्या टेबलावर कागद लावत बसली होती, तेव्हा भिंतीवरच्या कर्ण्यातून तिचाच आवाज हवामान सांगू लागला. कुठे अडखळणं नाही, मध्येच पाण्याचा घोट नाही. हुसैन तांडेल खूष झाला. “आता कशी झकास बोलतेस. साखर खाल्लीस वाटतं.”

“सूचना मिळाल्याची खात्री द्या,” यंत्र म्हणालं.

*

साखर खायची तिला बंदी होती, हीच तर गंमत होती. उचकीवर जगात जितके उपाय आहेत, ते सगळे तिला वर्ज्य होते. चमचाभर साखर जिभेवर ठेवायची, तर तिच्या नव्या पोटात ती धाडकन पुढे सरकून घाम फुटायचा, छाती धडधडायची. गटागटा पाणी प्यायचं, तर त्या पोटात एका वेळी चार घोटांवर मावत नव्हतं. श्वास कोंडून धरला की उचकी तेवढा वेळ वाट बघायची आणि मग व्याजासकट यायची. शेजारच्या मालतीकाकू येता-जाता विचारायच्या, “कोण आठवण काढतंय गो? नावं घे एकेकाची, बरोबर नावाला थांबेल.” मनवाने एकदा वैतागून गावातल्या झाडून सगळ्यांची नावं घेतली. शेवटी आमदाराचंही घेतलं. उचकी थांबली नाही.

ऑपरेशन तसं जुनंच होतं. जठराचा मोठा भाग कापून केळ्याच्या आकाराची नळी ठेवायची, म्हणजे थोडक्यात पोट भरतं. पण कापलेलं पोट वर्षा-दोन वर्षांत मेंदूशी तडजोड करतं, भूक हळूहळू परतते आणि वजनही. नवीन होतं ते कडं. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला ‘तृप्ती-वलय’ म्हणत, बाकी सगळे कडं म्हणत. मेंदूपासून जठरापर्यंत एक लांब मज्जातंतू उतरतो. पोट किती ताणलंय, आत काय आलंय, याची खबर त्याच वाटेने वर जाते. अंगठीपेक्षा लहान असं हे कडं त्या तंतूभोवती बसवायचं. ते आधी नुसतं ऐकतं. पोट भरल्याची खूण पटली की तीच खबर मोठी करून मेंदूकडे पाठवत राहतं. माणूस हात आवरतो.

अडचण एकच की भरल्या पोटाची खूण प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून कड्याला शिकवावं लागतं. ऑपरेशननंतर इस्पितळात राहायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं, आणि पोट भरलं त्या क्षणी एक ठरलेला शब्द मोठ्याने म्हणायचा. गळ्याशी चिकटवलेला मायक्रोफोन तो शब्द टिपतो आणि कडं त्या क्षणाची तंतूतली हालचाल लक्षात ठेवतं. मराठी रुग्णांसाठी कंपनीने शब्द निवडला होता ‘पुरे’.

मनवाने हे सगळं व्यवस्थित केलं होतं. इतकं व्यवस्थित, की तिथल्या आहारतज्ज्ञ बाई बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायच्या. तिची साखर उतरली. जेवणाआधी घ्यायचं इन्सुलिन बंद झालं. ज्या साखरेने बाबांचा पाय गेला, तिच्या तावडीतून आपण सुटलो, असं तिला वाटलं. मग घरी आल्यावर उचकी सुरू झाली. रोज, दर जेवणाला, चौथा घास गिळला की पहिली उचकी. मग ती दोन-तीन तास पाठ सोडायची नाही. चौथ्या घासापुढे जेवावंसंच वाटायचं नाही. अंगात ताकद उरली नव्हती, जिना चढताना डोळ्यांसमोर अंधारी यायची, विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. लोक म्हणायचे, “काय मस्त बारीक झालीस.”

*

कोल्हापूरच्या इस्पितळात डॉक्टर खानविलकरांनी तिच्या वजनाचा आलेख पडद्यावर लावला आणि कौतुकाने बघत राहिल्या.

“सुंदर. इतका सरळ उतरता आलेख मी क्वचित बघते.”

“डॉक्टर, उचकी.”

“होते काहींना. छातीखालच्या स्नायूच्या पडद्याजवळच काम झालंय ना. छोटे घास घ्या, सावकाश चावा.”

“घेते. चावते. तरी लागते. माझी नोकरी बोलण्याची आहे.”

“वजन मात्र छान उतरतंय हं.”

मनवाला उचकी लागली. तिला वाटलं, या वेळी तरी ती अगदी योग्य जागी आली.

शेवटी, तिचं समाधान व्हावं म्हणून डॉक्टरांनी कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावलं. ओजस टिळेकर नावाचा तो तरुण तीन वर्षांपूर्वी इंजिनिअर झालेला, आणि त्याला तिच्या वजनापेक्षा उचकीत जास्त रस होता. इतक्या आठवड्यांत असा पहिलाच माणूस भेटला म्हणून मनवाने त्याचे सगळे प्रश्न सोसले. उचकी म्हणजे काय, हे त्याने हाताने करून दाखवलं. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा एकदम खाली खेचला जातो, हवा आत घुसते, आणि लगेच गळ्यातली झडप बंद होते. तोच तो ‘हिक्’. हा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो, आणि जठराकडून येणारा तो लांब तंतूही तिथेच पोचतो. “म्हणजे कड्याची गडबड तिथे ऐकू जात असणार,” तो म्हणाला. “पण गडबड कसली, ते कळत नाहीये. एकदा माझ्यासमोर जेवाल?”

इस्पितळाच्या उपाहारगृहातून मऊ खिचडी आली. मनवाच्या शेजारी तिची आई बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. समोर ओजस. तिने एक घास खाल्ला, दुसरा, तिसरा. ओजसने हातातल्या पडद्यावरून मान वर करून बघितलं.

“पुरे,” मनवा म्हणाली.

“एक मिनिट. आत्ता पुरे म्हणालात, तेव्हा पोटात नेमकं काय वाटलं? दाब? जडपणा? ऊब?”

मनवा नेमकेपणानेच जगत आली होती. वाऱ्याचा वेग, भरतीची उंची, दोन होड्यांमधलं अंतर, कशालाही ती ‘साधारण’ म्हणत नसे. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सापडेना. तिने पोटात शोधलं. तिथे काहीच नव्हतं.

“पोटात काही वाटलं नाही.”

“मग पुरे का म्हणालात?”

“तुम्ही माझ्या चमच्याकडे बघितलंत म्हणून.”

ओजसचा हात पडद्यावरच थांबला.

“अहो, ती लोकांत असंच म्हणते,” आई म्हणाली. मुलीला वळण चांगलं आहे, हे सांगण्याचा तिचा सूर होता. “लहानपणापासून. चारचौघांत दोन घास कमीच खाते. घरी गेल्यावर मी वाढते तिला नीट.”

मनवाला इस्पितळातली ती लांब टेबलं आठवली. सहा अनोळखी माणसं, मागे येरझाऱ्या घालणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई, आणि गळ्याशी मायक्रोफोन लावून दर जेवणाला सगळ्यांत आधी ‘पुरे’ म्हणणारी ती स्वतः. कड्याने काही चूक केली नव्हती. शिकवलं तेच ते प्रामाणिकपणे शिकलं होतं. तीन घास झाले, कोणीतरी बघतंय, म्हणजे पोट भरलं.

“म्हणजे चौथ्या घासाला,” ती सावकाश म्हणाली, “कडं वर सांगतं, भरलं. आणि पोट सांगतं, रिकामं आहे. एकाच तारेवरून.”

“एकाच वेळी.”

“एका चॅनेलवर दोन स्टेशनं बोलली की शब्द कळत नाहीत. नुसती करकर ऐकू येते.”

“आणि ती करकर तुमच्या मेंदूच्या देठात होते,” ओजस म्हणाला. तो उठून फेऱ्या मारू लागला होता. “अजून तक्रारी आहेत उचकीच्या. बहुतेक सगळ्या बायकांच्या. आम्ही कड्याचं माप तपासत बसलो. पुरुषांची तक्रार उलटी असते, की कडं उशिरा चालतं.”

“जावयांना कोण लवकर पुरे म्हणू देतं?” आई म्हणाली.

मनवाला हसू आलं नाही.

ओजसने दोन वाटा सांगितल्या. कडं बंद करायचं, की उचकी त्याच दिवशी थांबेल. पण भूक पहिल्यासारखी होईल, तिच्यामागून साखर येईल, आणि बंद पडलेल्या कड्याभोवती तंतूवर जाड व्रण धरतो. ते पुन्हा चालू होईलच असं नाही. दुसरी वाट म्हणजे शिकलेलं पुसून पहिल्यापासून शिकवायचं. माणसांत बसून जेवायचं, आणि खरंच भरल्याशिवाय शब्द म्हणायचा नाही.

“किती दिवस लागतील?”

“ते तुमच्यावर आहे. मी कधी कोणाला हे परत शिकवलेलं नाही. आणि शब्द बदला. ‘पुरे’ तुमच्या तोंडून आपोआप निघतो. जो शब्द तुम्ही कधी खोटा वापरला नाही, असा शोधा.”

*

परतीची बस घाटाला लागली.

“सरळ बंद करून टाक ते,” आई म्हणाली. “चाचणी दे, खुर्ची घे. मग बघू साखरेचं. गोळ्या असतात.”

“बाबांना पण होत्या.”

आईने खिडकीबाहेर तोंड केलं. मनवाला थांबता आलं नाही. “तू का शिकवलंस मला ते?”

“काय वाईट शिकवलं? बारशाला गेलो, लग्नाला गेलो, लोक तुझ्या ताटात बघायचे. माझ्यासमोर बोलायचे, ‘हिला वाढताना हात आखडता घ्या.’ आठ वर्षांची पोर तू. लाडवाला हात लावलास की पंगत हसायची. मी म्हटलं, हसायला जागाच ठेवायची नाही. पुरे म्हणायचं आणि उठायचं. घरी मी होतेच ना वाढायला?”

“म्हणून घरी मी पोट फुटेपर्यंत जेवायचे.”

“मी वाढलं म्हणून?”

“तू वाढलंस म्हणून. आणि बाहेर उपाशी राहिले म्हणून. आई, मला भरलेलं पोट कसं असतं तेच माहीत नाही. रिकामं माहीत आहे आणि फुटायला आलेलं माहीत आहे. मधलं काही ठाऊकच नाही.”

आईने पदराने डोळे पुसले, मग रागाने पदर झटकला. “सगळं आईवरच येतं शेवटी,” ती म्हणाली. ते खरंही होतं, आणि तेवढ्याने काही सुटतही नव्हतं. मनवाला चौथ्या घासाची जुनी उचकी अजून लागत होती. दर वळणावर एक.

घाट उतरल्यावर आईच पुन्हा बोलली. “शब्द कुठला घेशील? ‘बस’?”

“तो पण खोटा म्हटलाय. मावशीकडे.”

“‘नको’?”

“आई, ‘नको’ तर आपल्याकडे सुरुवात असते.”

“‘पोट भरलं’?”

“तुझ्या चुलतभावाच्या लग्नात. दोनदा.”

दोघींनी झालं, राहू दे, थांबा, सगळे शब्द काढून बघितले. एकही धड निघाला नाही. शेवटी मनवाला वायरलेसचा शब्द सापडला. बोलणं पुरतं संपलं, आता उत्तराची अपेक्षा नाही, असं सांगायचं असलं की ‘आउट’ म्हणतात. तो शब्द आठ वर्षांत तिने एकदाही उगाच वापरला नव्हता, कारण समुद्रावरची माणसं तो ऐकून वायरलेस खाली ठेवतात.

“आउट?” आई म्हणाली. “जेवताना? लोकांना वाटेल क्रिकेट चाललंय.”

*

सुर्वेसाहेबांनीही आईसारखाच सल्ला दिला. “चाचणीपुरतं बंद कर ना. कोण विचारतंय? नंतर पुन्हा चालू.”

“नंतर चालू होईलच असं नाही.”

“ऐन हंगाम डोक्यावर आलाय मनवा. एकदा यंत्राची सवय झाली की वरचे लोक माणसावर पैसा घालायचे नाहीत. मी हे धमकी म्हणून सांगत नाही.”

ते खरंच धमकी देत नव्हते. म्हणूनच ती त्या रात्रीपर्यंत कडं बंद करण्याच्या विचारात होती. ओजसला फोन लावायला तिने हातही उचलला. मग बाबांच्या खाटेखाली शेवटपर्यंत जोडीने ठेवलेल्या चपला तिला आठवल्या, एक झिजलेली, एक नवी कोरी. तिने फोन लावला आणि सांगितलं, “पुसा.”

शिकवणी अवघड होती ती खाण्यामुळे नव्हे, थांबून राहण्यामुळे. दुपारी बंदराच्या खानावळीत, खलाशांच्या आणि हमालांच्या गर्दीत ती गळ्याशी मायक्रोफोन चिकटवून ताट घेऊन बसायची. तिसऱ्या घासाला ‘पु’ आपोआप ओठांशी यायचा. ती ओठ मिटून घ्यायची. कोणी बघितलं की कान तापायचे. कधी ती उशिरापर्यंत थांबायची आणि पोट दुखून यायचं. कधी शब्द घाईने निघायचा आणि कडं तेच चुकीचं शिकायचं. संध्याकाळी ओजस फोनवर सांगायचा, “आजचं टिपण गोंधळाचं आहे,” आणि तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा. उचकी कमी झाली होती, पण गेली नव्हती. आता तिची वेळही ठरलेली राहिली नव्हती, हे आणखी वाईट.

चाचणीला तिने पहिल्या दोन मिनिटांत वारा, लाटा, भरती सगळं स्वच्छ वाचलं. तिसऱ्या मिनिटाला ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ या शब्दांवर उचकी आली. वैद्यकीय अधिकारी सज्जन होते. त्यांनी पाणी पुढे केलं, थोडं थांबून पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा आली. त्यांनी चष्मा काढून पुसला. “पुढच्या हंगामाला या,” ते म्हणाले.

घरी आईने विचारलं नाही. तिला चेहऱ्यावरून कळलं. “आता तरी बंद करशील?” एवढंच ती म्हणाली.

“नाही.”

“मग मिळवलंस काय एवढं करून?”

मनवा दार आपटून खोलीत गेली, चौतीस वर्षांच्या बाईला न शोभेल अशी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खानावळीत गेली, कारण जायचं ठरलेलं होतं. चाचणी संपली होती, आता घाई कोणाचीच नव्हती. खानावळ चालवणाऱ्या गोठणकर मामींनी मऊ भात, आमटी आणि बांगड्याचा एक लहान तुकडा समोर ठेवला. भिंतीवरच्या कर्ण्यातून तिचा आवाज उत्तरेच्या होड्यांना वाऱ्याची दिशा सांगत होता.

समोरच्या बाकावर हुसैन तांडेल येऊन बसला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग कर्ण्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“अगो, तू इथं? मग वर कोण बोलतंय?”

“मीच. रेकॉर्ड केलेली.”

“म्हणजे परवा माझ्याशी बोललीस ती…”

“ती पण तीच.”

हुसैनने बराच वेळ कर्णा निरखला. “मला काय कळलं नाय गो,” तो ओशाळून म्हणाला. “मला वाटलं, सुधारलीस.” मग भात कालवता कालवता त्याने विचारलं, “ती जेवते काय?”

“नाही.”

“मग तिला काय उचकी लागतेय.”

मनवाला हसू आलं, आणि हसता हसता तिने घास घेतला. तो कितवा, ते तिने मोजलं नव्हतं. ती थांबली. उचकीची वाट बघत तिने श्वास धरला. आली नाही. तिने आणखी एक घास खाल्ला, सावकाश, काटे काढून. बांगडा ताजा होता. आमटीत कोकम जरा जास्त पडलं होतं. पोटात, बरगड्यांच्या खाली, काहीतरी मंद जागं झालं होतं. ते जडही नव्हतं आणि दुखतही नव्हतं. कोणी दुरून हाक मारावी, पण शब्द अजून कळू नयेत, तसं काहीसं. ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं, पण ते अजून पूर्ण झालेलं नाही, एवढं नक्की कळत होतं.

हुसैन हात धुवायला उठला. बाक रिकामे होऊ लागले. दारात उभे असलेले दोन हमाल जागेसाठी तिच्या ताटाकडे बघत होते. गोठणकर मामी फडकं घेऊन आल्या, त्यांनी शेजारचं ताट उचललं आणि तिच्या ताटाला हात घातला.

“झालं ना गो? गार पण झालं ते.”

मनवाने ताटाची कड धरली.

“राहू दे, मामी. जेवतेय मी अजून.”